वैमानिकाची लेखी परीक्षा आणि दूरशिक्षण : शिकवणीची निवड कशी करावी?

व्यवसायी वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी उमेदवाराला दोन कसोट्यांना उतरावे लागते. पहिली कसोटी आकाशातली. तीत किमान २०० तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. दुसरी कसोटी जमिनीवरची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षांची. मार्गनिर्धारणाचा एअर नॅव्हिगेशन हा विषय, हवामानशास्त्र, हवाई वाहतुकीचे नियम आणि विमान व इंजिन यांचे तांत्रिक ज्ञान हे या परीक्षांचे प्रमुख विषय होत. ज्या विमानावर उमेदवार उड्डाण करतो, त्या विशिष्ट विमानासंबंधीची प्रश्नपत्रिका आणि रेडिओ संभाषणाची परीक्षा ही यांत आणखी भर. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी विषयांत ७० टक्के गुण मिळवावे लागतात.

या विषयांची तयारी करून घेणाऱ्या वर्गाला ‘ग्राउंड स्कूल’ असे म्हणतात. पूर्वी अशा वर्गासाठी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत बिऱ्हाड करून राहावे लागे. आज मात्र छापील पाठ, ध्वनिचित्रित व्याख्याने आणि संगणकावरील थेट तासिका यांमुळे परभणीचा किंवा सावंतवाडीचा विद्यार्थीही घरी राहून हा अभ्यास करू शकतो. नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हापासून दूरशिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित राहिलेली नाही. गोंदिया, बारामती यांसारख्या ठिकाणी उड्डाण प्रशिक्षणाच्या संस्था निघाल्यामुळे ग्रामीण भागातील तरुणांचे लक्षही या व्यवसायाकडे वळले आहे.

तथापि सोय वाढली तशी निवडही कठीण झाली आहे. प्रत्येक जाहिरातीत शंभर टक्के यशाची ग्वाही असते. पालक मात्र कर्ज काढून किंवा जमीन तारण ठेवून पैसे उभे करीत असतात. चुकीच्या निवडीने शुल्क तर वाया जातेच. पण वर्ष-दीड वर्षाचा काळ आणि मुलाचा आत्मविश्वासही खर्ची पडतो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी काही गोष्टी पारखून घेणे अगत्याचे आहे.

आधी वैद्यकीय तपासणी

शिकवणी निवडण्यापूर्वी उमेदवाराने वैद्यकीय पात्रतेची खात्री करून घ्यावी. आधी द्वितीय वर्गाची आणि नंतर प्रथम वर्गाची तपासणी, असा हा क्रम आहे. व्यवसायी परवान्यासाठी प्रथम वर्गाची पात्रता लागते. दृष्टी, रंगज्ञान, श्रवणशक्ती किंवा हृदय यांत काही दोष आढळल्यास तो लाखो रुपये खर्च झाल्यावर कळण्यापेक्षा आरंभीच कळलेला बरा. परीक्षेस बसण्यासाठी महासंचालनालयाकडून जो संगणक क्रमांक घ्यावा लागतो, त्याचा अर्जही लवकर करावा. शालेय प्रमाणपत्रांच्या पडताळणीत वेळ जातो. नाव, जन्मतारीख यांत कागदोपत्री तफावत असल्यास तिची दुरुस्ती तेवढ्या अवधीत होऊ शकते.

उत्तरे पाठ करणे आणि विषय समजणे

लेखी परीक्षा वस्तुनिष्ठ पर्यायांची असते. त्यामुळे जुन्या प्रश्नांचे संच मिळवून त्यांची उत्तरे पाठ करण्याकडे अनेकांचा कल असतो. काही शिकवण्यांचा सारा डोलारा अशा संचांवरच उभा असतो. प्रश्नांचा सराव आवश्यक आहे, यात शंका नाही. पण तो समजुतीची जागा घेऊ शकत नाही. याची दोन-तीन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत.

विमान ४० सागरी मैल गेल्यावर ठरलेल्या मार्गापासून २ मैल बाजूला आहे, असे वैमानिकाच्या लक्षात आले. मुक्काम अजून ६० मैल दूर आहे. साठ मैलांत एक मैल सरकणे म्हणजे सुमारे एक अंशाची चूक, हा सोपा नियम ज्याला उमगला आहे, तो मनातल्या मनात हिशेब करतो. ४० मैलांत २ मैल म्हणजे ६० मैलांत ३ मैल; म्हणून चूक ३ अंशांची. उरलेल्या ६० मैलांत २ मैल भरून काढायचे, म्हणून आणखी २ अंश. एकूण ५ अंश दिशा बदलली की विमान थेट मुक्कामी पोहोचते. ज्याने केवळ ‘५ अंश’ हे उत्तर पाठ केले आहे, तो आकडे बदलताच गोंधळतो.

दुसरे उदाहरण नागपूरचे. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फूट उंचीवर आहे. या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश सेल्सिअस धरतात. मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ अंशांवर गेला, तर तो प्रमाणापेक्षा ३० अंशांनी अधिक झाला. प्रत्येक अंशामागे घनतेच्या हिशेबात सुमारे १२० फुटांची भर पडते. म्हणजेच हवेचा दाब प्रमाणानुसार असला तरी नागपूरच्या धावपट्टीवरील विमानाला जणू ४,६०० फूट उंचीवरची हवा मिळते. प्रमाण वातावरणात साधारणतः महाबळेश्वरच्या उंचीवर हवा जितकी विरळ असेल, तितकी ही विरळ असते. अशा हवेत इंजिनाची शक्ती घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला धावपट्टीवर अधिक लांब धावावे लागते. सकाळी सहज उडालेले विमान त्याच वजनासह दुपारी का रेंगाळते, याचे उत्तर या गणितात आहे.

तिसरे उदाहरण पावसाळ्यातले. विमानातील उंचीमापक हा वास्तविक हवेचा दाब मोजतो. निघताना तो १,०१० हेक्टोपास्कलवर लावला आणि पुढे कमी दाबाच्या प्रदेशात तो १,००२ वर आणण्यास वैमानिक विसरला, तर दर हेक्टोपास्कलमागे सुमारे ३० फूट या प्रमाणे यंत्र प्रत्यक्षापेक्षा २४० फूट अधिक उंची दाखवील. सह्याद्रीचे कडे ढगांत लपलेले असताना ही चूक प्राणावर बेतू शकते. परीक्षेत तिची किंमत एका गुणाची असते. विमानात ती फार मोठी असते.

म्हणून शिकवणीची पहिली पारख अशी करावी. नमुन्याचा एक पाठ आणि त्यासोबतचा सराव मागवून घ्यावा. सरावातील प्रश्नाखाली केवळ बरोबर पर्यायाचे अक्षर दिले आहे, की तो पर्याय बरोबर का आणि उरलेले चूक का, हे स्पष्ट केले आहे, ते पाहावे.

शंकेला उत्तर कोण देतो?

दूरशिक्षणात पाठ सर्वांना सारखाच मिळतो. फरक पडतो तो विद्यार्थी अडल्यावर. आपण सोडविलेले गणित तपासून कोणत्या पायरीवर चूक झाली, हे सांगणारा शिक्षक आहे काय? तो किती दिवसांत उत्तर देतो? त्या विषयाचा त्याचा अनुभव कोणता? प्रवेशापूर्वीच वाऱ्याच्या त्रिकोणाचे एखादे गणित मुद्दाम चुकवून पाठवावे आणि काय उत्तर येते, ते पाहावे. ही चाचणी माहितीपत्रकापेक्षा अधिक बोलकी ठरते.

या बाबतीत युरोपातील नियम विचारात घेण्यासारखा आहे. तेथे वैमानिकांचे सैद्धान्तिक शिक्षण दूरशिक्षणाने घेण्यास परवानगी आहे. परंतु अभ्यासक्रमाच्या एकूण कालावधीपैकी किमान १० टक्के वेळ प्रत्यक्ष वर्गातील अध्यापनाला द्यावा लागतो आणि असे अध्यापन प्रत्येक विषयात असावे लागते. पुस्तक आणि पडदा यांच्या जोडीला समोरासमोरची शिकवण हवी, हेच त्या नियमाचे तात्पर्य होय. आपल्याकडील विद्यार्थ्यानेही संपर्क वर्ग किंवा निदान थेट तासिका असलेल्या अभ्यासक्रमाला झुकते माप द्यावे.

रेडिओ संभाषणासाठी तर हे अपरिहार्यच आहे. नियंत्रण कक्षाशी ठरावीक शब्दांत, अचूक व न अडखळता बोलणे हे वाचून साधत नाही. कानाला आणि जिभेला त्याची सवय व्हावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने यामुळे खचून जाण्याचे कारण नाही. मात्र ज्या शिकवणीत बोलण्याचा नियमित सराव करून घेतला जातो, तीच त्याने निवडावी.

पाठ अद्ययावत आहेत काय?

गणिताची सूत्रे बदलत नाहीत, नियम बदलतात. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. रेडिओ परवान्याचे काम पूर्वी दूरसंचार विभागाकडे असे; नव्या अधिनियमाने ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपविले आहे. शिकवणीच्या नियमविषयक पाठांत या बदलांचा उल्लेख नसेल, तर ते पाठ जुने आहेत, हे उघड आहे. दुरुस्त्या विद्यार्थ्यांना कशा कळविल्या जातात आणि त्यांसाठी वेगळे शुल्क आकारले जाते काय, हेही विचारावे. अंतिम खातरजमा मात्र महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरूनच करावी.

जाहिरातीतील शब्द आणि आकडे

‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दिसताच ही मान्यता कोणाची, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंतची, हे लेखी विचारावे. उड्डाण प्रशिक्षण संस्थेला असलेली मान्यता आणि लेखी परीक्षेच्या शिकवणीचा दर्जा या भिन्न गोष्टी आहेत. यशाच्या टक्केवारीबद्दलही असेच म्हणता येईल. प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती परीक्षेस बसले? पहिल्याच प्रयत्नात किती उत्तीर्ण झाले? मध्येच अभ्यास सोडणाऱ्यांना हिशेबातून वगळले आहे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी संस्था विश्वासास पात्र समजावी.

शुल्काचा करार नीट वाचावा. सर्व विषयांचे पैसे एकदम भरण्याऐवजी एका विषयापासून आरंभ करता येतो काय, अनुत्तीर्ण झाल्यास पाठ किती काळ उपलब्ध राहतात, वैद्यकीय कारणाने शिक्षण सोडावे लागल्यास किती रक्कम परत मिळते, या बाबी लेखी असाव्यात. नोकरीची हमी देणाऱ्या शिकवणीपासून दूर राहावे. परवाना हाती आल्यावरही विमान कंपनीची निवड ही स्वतंत्र पायरी असते आणि ती कोणत्याही शिकवणीच्या अधीन नसते.

विद्यार्थ्याचा वाटा

उत्तम शिकवणी निवडली म्हणजे काम संपले, असे नाही. वर्गात शिक्षकाची नजर असते. घरी ती विद्यार्थ्याने स्वतःवर ठेवावी लागते. दररोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी अभ्यासाला बसणे, एका वेळी एक किंवा दोनच विषय हाती घेणे आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविणे, ही शिस्त ज्याला जमेल त्यालाच दूरशिक्षण मानवते. बारावीचे भौतिकशास्त्र व त्रिकोणमिती कच्ची असल्यास पहिला महिना त्यांच्या उजळणीसाठी द्यावा. उत्तीर्ण विषयांचा निकाल ठरावीक मुदतीपुरताच ग्राह्य धरला जातो. त्यामुळे लेखी परीक्षा व उड्डाण यांचा मेळ घालूनच वेळापत्रक आखावे. ज्याला एकट्याने अभ्यास होत नाही, हे अनुभवाने ठाऊक आहे, त्याने शहरातील नियमित वर्गात जाणेच श्रेयस्कर. तो खर्च अधिक वाटला, तरी वारंवार परीक्षा देण्यापेक्षा स्वस्त पडतो.

लेखी परीक्षा हा परवान्याच्या वाटेतील अडथळा नव्हे. प्रवाशांनी वैमानिकावर टाकलेल्या विश्वासाचा तो पाया होय. कमी वेळात उत्तीर्ण करून देणारी शिकवणी आणि विषय पक्का करून देणारी शिकवणी यांतून निवड करण्याची वेळ आली, तर पालकांनी व विद्यार्थ्यांनी दुसरीचाच स्वीकार करावा. पाठ केलेले उत्तर परीक्षागृहाच्या दारापर्यंत साथ देते; समजलेला विषय मात्र ढगांच्या वरही वैमानिकाच्या उपयोगी पडतो.