तेल इंजिनाची सैल बैठक : घरच्या घरी दुरुस्ती व बळकटी

वाशीम जिल्ह्यातील जऊळका व त्याचा परिसर हा काळ्या जमिनीचा मुलूख आहे. खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत हरभरा व गहू ही येथील पिके होत. बहुतेक विहिरींवर आता विजेचे पंप बसले असले तरी नाल्याचे पाणी उपसण्यासाठी किंवा वीज नसताना पाळी साधण्यासाठी तेल इंजिन आजही उपयोगी पडते. पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी इंजिन बंद पडून पाण्याची पाळी चुकली, तर ती हानी पुढे भरून निघत नाही. म्हणून इंजिनाच्या तेलपाण्याइतकीच त्याच्या बैठकीचीही काळजी घेणे अगत्याचे आहे.

बैठक सैल का होते?

चार स्ट्रोकच्या एक सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा तेल पेटते व बैठकीस हिसका बसतो. मिनिटास 1500 फेरे घेणाऱ्या इंजिनात असे 750 हिसके बसतात. आठ तासांच्या उपशात त्यांची संख्या 3,60,000 होते. पाया अचल असेल तर हे हिसके त्यात जिरतात. बोल्ट किंचित जरी सैल असला तरी प्रत्येक हिसका हातोड्यासारखा काम करतो. बोल्टाचे भोक रुंदावते, पट्टा उतरतो, तेलाच्या नळ्या तडकतात आणि शेवटी बेअरिंग व क्रँकदांडा यांवर संकट येते.

काळ्या जमिनीत आणखी एक कारण असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया केवळ मातीच्या थरावर उभा असेल तर तो दरवर्षी थोडा थोडा कलतो.

तपासणी

दोष शोधल्याविना नुसते नट आवळणे व्यर्थ होय. इंजिन बंद करून तेलाची तोटी मिटावी. प्रत्येक नट पान्याने पाहावा. नटाबरोबर बोल्टही फिरत असल्यास तो पायातून सुटला आहे, असे समजावे. बैठकीवर पाणसळ आडवी व उभी ठेवून कल पाहावा. पायाला आरपार भेग गेली आहे काय, तेही पाहावे.

सुटलेला बोल्ट पुन्हा बसविणे

इंजिन बाजूस घेऊन भोकातील भुगा झालेला जुना माल छिन्नीने काढावा. भोक तळाशी तोंडापेक्षा रुंद करावे, म्हणजे नवा माल वर उचलला जाणार नाही. भोक धुऊन, तेलाचा अंश काढून, ओले करावे. लोखंडी बैठक जागेवर ठेवून तिच्या भोकांतूनच बोल्ट ओळंब्यात सोडावेत. नंतर एक भाग सिमेंट व दोन भाग स्वच्छ वाळू यांचा माल भरून सळईने ठासावा. ओले पोते टाकून निदान सात दिवस पाणी द्यावे. तोवर नट आवळू नये. घाईने आवळलेला बोल्ट कच्च्या मालातून पुन्हा सुटतो.

पाया नवा कधी करावा?

पाया दुभंगला किंवा कलला असेल तर वरवरच्या लेपाने काही साधत नाही. काळी माती खणून मुरुमापर्यंत जावे व 1 : 2 : 4 प्रमाणाचे काँक्रीट घालावे. पायाचे वजन इंजिनाच्या वजनाच्या तिपटीहून कमी नसावे. पाचपट असल्यास उत्तम. उदाहरणार्थ, 300 किलोग्रॅम वजनाच्या इंजिनास सुमारे 1.2 मीटर लांब, 0.8 मीटर रुंद व 0.65 मीटर जाड पाया केल्यास त्याचे वजन 1500 किलोग्रॅमच्या जवळपास भरते. मुरूम अधिक खोल लागल्यास पायाची जाडी त्या मानाने वाढवावी. खोलीच्या भिंतीशी पाया जोडू नये. मध्ये फट ठेवावी.

रबरी बैठक

गाड्यावरील इंजिनाखाली जाड रबरी पट्टी घालण्यास हरकत नाही. परंतु इंजिन व पंप एकमेकांस थेट जोडलेले असतील तर पट्टी दोघांच्या सामाईक लोखंडी चौकटीखाली घालावी. केवळ इंजिनाखाली घातल्यास दोन्ही दांडे एका रेषेत राहत नाहीत व जोड लवकर झिजतो. चौकट लाकडावर असेल तर नटाखाली रुंद लोखंडी पट्टीचा वायसर द्यावा, म्हणजे नट लाकडात रुतणार नाही.

काही यंत्रांत पोलादी पत्र्यांमध्ये पक्के चिकटविलेले रबर असते. डिझेल व तेल लागून ते फुगते, मऊ पडते व पत्र्यापासून सुटते. त्यातील पोकळीत पॉलियुरेथेनचा लगदा भरून बैठक कडक करण्याची युक्ती प्रचलित आहे. रबर शाबूत, कोरडे व तेलविरहित असेल तरच ती टिकते. शिवाय बैठक जितकी कडक, तितका कंप सांगाड्यात अधिक उतरतो. पत्र्यापासून सुटलेले रबर मात्र बदलावेच. शक्यतो जोडीचे दोन्ही एकदम बदलावेत. बदलताना इंजिन केवळ जॅकवर तोलू नये. खाली लाकडी ठोकळे द्यावेत व हात इंजिनाखाली घालू नये.

नित्याची दक्षता

नट एका बाजूने क्रमाने न आवळता समोरासमोरच्या कोपऱ्यांतील आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. वर दुसरा नट बसवावा. नंतर नट व बैठक यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे ताबडतोब कळते. दुरुस्तीनंतर पहिल्या दिवसाचा उपसा संपताच नट पुन्हा तपासावेत व पुढे महिन्यातून एकदा पाहावेत. ही सर्व कामे पाणसळ, ओळंबा व पाना यांच्या साहाय्याने शेतावरच होतात. क्रँकदांड्याचा आवाज येऊ लागला असेल तर मात्र इंजिन न चालविता जाणत्या कारागिराकडे न्यावे. दुरुस्तीस योग्य काळ म्हणजे पावसाळ्याची उघडीप. रब्बीची पहिली पाळी येण्यापूर्वी पाया पुरता वाळून कठीण झालेला असावा.