मुकादमाच्या वहीत अडकलेली माणसं

आमच्याकडे वेठबिगारीचा विषय निघाला की लोक म्हणतात, ते वीटभट्टीवर चालतं, कोळशाच्या भट्टीवर चालतं, आंब्याच्या बागेत कुठून येणार? आम्ही कुणाला कोंडून ठेवत नाही, कुणावर हात उगारत नाही, ठरलेली मजुरी मोजून मुकादमाच्या हातात देतो. माझं सांगणं या शेवटच्या वाक्यापासून सुरू होतं. मजुरी मुकादमाच्या हातात गेल्यावर तिचं पुढे काय होतं, हे मालकाला कळत नाही. माणूस अडकतो तो नेमका तिथे.

मी पावसच्या बाजूला बाग आणि आंबा भरायची शेड सांभाळते. रत्नागिरीतली आमची मुलं मुंबई-पुण्याला गेली. आता राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणं, सगळं बाहेरच्या माणसांवर चालतं. त्यांत नेपाळी कुटुंबं पुष्कळ. आपण सरसकट त्यांना गुरखे म्हणतो. दिवाळीच्या सुमारास ती येतात, कलमांच्या मधल्या खोलीत राहतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या नौकांवरही नेपाळी आणि परप्रांतीय खलाशी आहेत. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की ३१ मेपर्यंत त्यांचा मुक्काम समुद्रावर. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे या माणसांना इथे येऊन काम करायला पासपोर्ट लागत नाही. ही मोठी सोय आहे. पण कुठे नोंद नसलेला माणूस हरवला तर त्याला शोधणारंही कुणी नसतं.

एका हंगामात काढणीसाठी माणसं कमी पडली, म्हणून ओळखीच्या एका मुकादमाकडून जादा टोळी घेतली. माणसं कामाला चोख होती. झेल्याने फळ देठासकट उतरवायचं, चीक फळावर ओघळू द्यायचा नाही, हे सांगावं लागत नव्हतं. पण चार-पाच गोष्टी मला खटकत राहिल्या. बोलणं नेहमी मुकादमच करायचा. एखाद्याला मी काही विचारलं, तर उत्तर देण्याआधी तो मुकादमाकडे बघायचा. मोबाइल दोघातिघांकडेच होते आणि तेही संध्याकाळी मुकादम मागून घ्यायचा. आठवड्याच्या बाजाराला एकच जण जायचा.

मग टोळीतल्या एका बाईचं मूल तापाने फणफणलं. मी रिक्षा बोलावली, म्हटलं, चल, सिव्हिलला जाऊ. ती जागची हलेना. म्हणाली, ‘‘कागज उनके पास है.’’ मुलाचे, तिचे, नवऱ्याचे, सगळ्यांचे कागद मुकादमाच्या पिशवीत होते. कागद नसले तर दवाखान्यात घेणार नाहीत, पोलिस पकडतील, असं तिला सांगून ठेवलेलं होतं. मुलाला मी घेऊन गेले. औषध मिळालं, मूल बरं झालं. पण त्या दिवसानंतर मी शेडमध्ये एकेका कुटुंबाशी मुकादम नसताना बोलायला लागले.

हिशेब ऐकताना हातातलं काम थांबलं. मी मुकादमाला माणशी जी मजुरी देत होते, तिच्यातून गाडीभाडं कापलेलं, रेशन कापलेलं, त्याचं कमिशन कापलेलं आणि उरलेलं ‘मागच्या उचली’त वळतं केलेलं. ही मागची उचल आमच्या बागेची नव्हतीच. ती आधीच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या कामावर चढली होती. वही मुकादमाची, अक्षर मुकादमाचं, आणि ते वाचता येणारा टोळीत कुणी नाही. त्या बाईचा दीर दुसऱ्या बंदरात नौकेवर होता. उचल सगळ्या घरावर मिळून होती; त्यामुळे इथून कुणी निघून गेलं तर जाब तिथे त्याला विचारला जाणार, आणि तो उतरला तर इथे यांना. कुलूप कुठेच नव्हतं, त्याची गरजच नव्हती.

उचल म्हणजे काय, हे कोकणातल्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. वाशीचा दलाल हंगामाआधी पैसे देतो आणि मग पेटी त्याच्याच गाळ्यावर जाते, तो म्हणेल त्या भावाने. तोच पैसा पुढे बागायतदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे जातो. प्रत्येक पायरीवर खालच्या माणसाची निवड थोडी थोडी कमी होत जाते. फरक इतकाच, की आपल्या हातात जमीन आहे, सातबारा आहे, पुढच्या वर्षी दलाल बदलता येतो. सगळ्यात खालच्या माणसाकडे गहाण ठेवायला स्वतःचं अंग सोडून काही नसतं.

आणि आपणही कधी त्याच पायरीवर होतो. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं हजारोंनी गेली. तिथे कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर असायचा. काम मिळवायला त्याला दस्तुरी द्यावी लागे, टिकवायला पुन्हा द्यावी लागे. १९३१ साली आपला अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगानेही या जॉबरच्या सत्तेवर बोट ठेवलं होतं. आपल्या पणज्यांनी जे सोसलं, ते आपल्या बागेत आलेल्या माणसाला सोसावं लागू नये, एवढं तर आपल्याला वाटायलाच हवं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. राज्यघटनेचं २३ वं कलम वेठबिगारीला आणि सक्तीच्या श्रमाला बंदी करतं. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशी सगळी कर्जं रद्द केली. मजूर म्हणाला की हे वेठीचं कर्ज आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर येतो. दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आणखी पुढचं सांगितलं: उपासमारीपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तेही सक्तीचंच काम. म्हणजे ‘तो स्वखुशीने आला होता’ हे उत्तर पुरत नाही. उचल देणं हा गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात माणसाचं जाणं-येणं, दुसरं काम धरण्याचा हक्क किंवा रास्त मजुरी हिरावून घेणं हा गुन्हा आहे.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही ती आहे. अमुक इतके मजूर असले तरच लागू, अशी मर्यादा तिथे असते, त्यामुळे लहान बाग कदाचित सुटेल. १९७६ च्या कायद्याला तशी मर्यादा नाही. एक माणूस अडकलेला असला तरी तो लागू होतो.

हे प्रकार लांबचेही नाहीत. जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ढोकीच्या परिसरात विहिरी खणणाऱ्या मजुरांना पोलिसांनी सोडवलं. दिवसभर विहिरीत राबवायचं आणि पळू नयेत म्हणून रात्री साखळीने बांधायचं, असं चाललं होतं. त्या मजुरांनाही दलालांनीच कामावर पोचवलं होतं.

आमच्या टोळीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण त्यात सगळ्यात मोठा धडा आहे. मजुरांशी बोलून, त्यांची तयारी पाहून, एका जाणत्या वकिलांच्या मदतीने आम्ही तहसील कार्यालयात लेखी अर्ज दिला. कागद ज्याचे त्याला परत मिळाले, मजुरी थेट हातात पडू लागली. पण त्याआधीच आमच्यातल्या एका नातलगाने संतापून मुकादमाला फोनवर खडसावलं होतं. तो फोन गेला आणि दुसऱ्या बंदरातला तो दीर रातोरात तिथून हलवला गेला. आम्ही पोचलो तेव्हा नौकेवर दुसरा खलाशी होता. त्या घराला त्याची खबर मिळायला फार काळ गेला. मुकादमाला आधी सावध करणं म्हणजे माणसं गायब करायला वेळ देणं, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

आता मजूर लावणाऱ्यांसाठी. बागायतदार, नौकामालक, चिरेखाणवाले, कॅनिंगवाले, बांधकामवाले, सगळ्यांना हे लागू आहे.

पहिली गोष्ट, टोळी ठरवतानाच माणसांशी बोला. मुकादमाशी भाव ठरवून फोन ठेवू नका. किती जण येणार, कुठून, कुणी किती उचल घेतली आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐका. आधीच्या कामावरची बाकी कुणाच्या अंगावर असेल, तर ती या हंगामाच्या मजुरीतून कापली जाणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगा.

दुसरी, उचल लिहून द्या. दोन वह्या करा, एक मजुराकडे, एक तुमच्याकडे. रक्कम, तारीख, कशातून किती वळती होणार, सगळं त्याला कळेल त्या भाषेत. निम्मीअर्धी मजुरी दर आठवड्याला हातात पडलीच पाहिजे. ‘हंगाम संपल्यावर एकदम’ या बोलीत माणूस हंगामभर बांधला जातो. उचल फिटली नाही तरी त्याला जाता येतं, हेही वहीतच लिहा.

तिसरी, मजुरी थेट द्या. बँक खातं असेल तर खात्यात, नसेल तर त्याच्या हातात, सही किंवा अंगठा घेऊन. बाईची मजुरी बाईच्या हातात, नवऱ्याच्या नव्हे. मुकादमाचं कमिशन तुम्ही वेगळं द्या, ते मजुरीतून जाऊ देऊ नका. खर्च थोडा वाढतो. तो आंब्याच्या भावात धरा, माणसाच्या पोटातून काढू नका.

चौथी, कागद ज्याचे त्याच्याकडे. आधार असो, नेपाळची नागरिकता असो. झेरॉक्स काढून घ्या आणि मूळ कागद त्याच क्षणी परत करा. ‘सुरक्षित राहावेत म्हणून ठेवले’ ही सबब ऐकून घेऊ नका. कुलपाची पेटी द्या आणि किल्ली त्यांच्याकडे राहू द्या.

पाचवी, मुकादम नसताना आठवड्यातून एकदा बसून बोला. बायकांशी बाईने बोलावं. जेवता कधी, झोपता कुठे, घरी फोन होतो का, घरी जावंसं वाटलं तर जाता येईल का, एवढे प्रश्न पुरतात. शेवटच्या प्रश्नावर माणूस गप्प झाला, तर तिथे पाणी मुरतंय हे ओळखा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची जी ११ लक्षणं सांगितली आहेत, त्यांत कागद अडकवणं, मजुरी रोखणं, कर्जात बांधणं, फसवून आणणं, धमकावणं, एकटं पाडणं, हिंडण्या-फिरण्यावर बंदी आणि अति तास काम ही आहेत. यांतलं एखादं दिसलं तर चौकशी करा. दोन-तीन एकत्र दिसली तर वाट पाहू नका.

संशय पक्का झाला की क्रम असा ठेवा. मुकादमाला काही बोलू नका. मजुरांचं म्हणणं आणि दिसलेल्या गोष्टी तारखेसह लिहून ठेवा. मग तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९७६ च्या कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मारहाण किंवा कोंडून ठेवणं दिसलं तर ११२, मूल कामावर असेल तर १०९८, मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हे क्रमांक आहेत. दया येऊन मजुरांच्या हातात गाडीभाडं देऊन त्यांना गावी पाठवू नका. सरकारी मुक्तता प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ते गेले तर कर्ज रद्द झाल्याचा पुरावा राहत नाही. २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रकरणानुसार १ लाख, २ लाख आणि ३ लाख रुपयांची मदत आहे, तीही हातची जाते.

काहींना वाटतं, एवढं केलं तर धंदा परवडणार नाही. उलट न केल्याने धंदा जाईल. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, फळमाशीमुळे. तेव्हा आपण उष्णजल प्रक्रिया शिकलो, शेड बदलल्या. आता तेच ग्राहक मजुरांबद्दल विचारू लागले आहेत. ब्रिटनमध्ये २०१५ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठ्यात गुलामी नाही यासाठी काय केलं ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात सक्तीच्या श्रमातून बनलेला माल विकायला डिसेंबर २०२७ पासून बंदी येते आहे. आंबा, पल्प, मासळी, सगळं त्यात आलं.

ब्रिटनला ही जाग सहज आली नाही. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मोरकॅम्ब उपसागरात शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. आपल्या खाडीत बायका तिसऱ्या काढतात तसंच ते काम. भरतीची वेळ त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि बाहेर यायला वाट माहीत नव्हती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला: शेती, शिंपले आणि अन्नप्रक्रियेच्या कामांना मजूर पुरवणाऱ्याला परवाना हवा, आणि बिनपरवाना मुकादमाकडून माणसं घेणाराही गुन्हेगार. आपल्याकडे अशी नोंद निदान बागायतदारांच्या संघांनी, मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या पातळीवर ठेवायला काय हरकत आहे? कोणता मुकादम कागद काढून घेतो, कोण मजुरी दाबतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ते एका वहीत लिहून सगळ्यांनी मिळून त्याच्याकडून टोळी घेणं थांबवलं, तर पुढच्या हंगामात त्याला वागणं बदलावं लागेल.

त्या टोळीतली काही कुटुंबं पुढच्या वर्षी मुकादमाशिवाय थेट आमच्याकडे आली. उचल कमी मागितली, कारण मागची बाकी नव्हती. मुकादम मध्ये नसला तर माणसं मिळत नाहीत, हा धाक माझ्यापुरता तरी खोटा ठरला. यंदा दिवाळीआधी उचलीची बोलणी सुरू होतील. मुकादमाचा फोन आला की भाव विचारण्याआधी त्याला एवढंच सांगा: येणाऱ्या प्रत्येकाशी माझं बोलणं करून दे, मग पैशांचं बघू. तो टाळाटाळ करू लागला, तर ती टोळी घेऊ नका आणि शेजारच्या बागायतदारालाही लगेच कळवा.