गोठ्यातल्या झाडपाल्याचं शास्त्र : बारावीनंतरची एक वाट

जनावराच्या अंगाला तंबाखूचं पाणी चोळून गोचीड मारायचा उपाय जुना आहे. निपाणीच्या आसपास तर तंबाखू घरचीच. गोचीड मरतो तो निकोटिनमुळे. पण तेच निकोटिन कातडीतूनही आत जातं, वासरानं अंग चाटलं की पोटात जातं. मग लाळ गळते, थरथर सुटते, प्रसंगी जनावर दगावतं. १८२८ साली जर्मनीत निकोटिन पानातून वेगळं काढलं गेलं आणि त्याची मात्रा मोजण्याची वाट खुली झाली. झाडातला असा क्रियाशील घटक ओळखणं, वेगळा काढणं, मोजणं आणि जनावरावर तपासणं, हे बारावी सायन्सच्या मुलामुलींपुढचं खरंखुरं करिअर आहे.

बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या मुलांना यात जन्माचा फायदा आहे. दारात गोठा, पश्चिमेला घाट. जंतावर पूर्वापार दिल्या जाणाऱ्या पळसाच्या बियांत पॅलासोनिन असतं, वावडिंगात एम्बेलिन. दगडी झालेल्या कासेसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना यांचा लेप सुचवतं. आता विचार करा, हळदीतलं कर्क्युमिन जातीनुसार दोन-तीन टक्क्यांपासून पाच-सहा टक्क्यांपर्यंत बदलतं. मग कोणती हळद घ्यायची? संशोधनाचा विषय इथंच सुरू होतो.

मागणी का वाढते आहे, तेही सांगतो. अँटिबायोटिक दिलेल्या गाईच्या दुधात त्याचा अंश उतरतो. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरू लागली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद झालं. पर्याय हवेत, आणि ते सिद्ध केलेले हवेत.

माझं मत विचाराल तर पशुवैद्यकीय पदवी सर्वांत भक्कम. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. कर्नाटकात बिदरच्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत सीईटीतून प्रवेश होतो, महाराष्ट्रात नीटमधून. तिथल्या महाविद्यालयांपैकी शिरवळचं आपल्याला जवळ पडतं. महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी वेगळी तरतूद असते, तेव्हा माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी. पुढे औषधशास्त्र व विषशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. दुसरी वाट बी.फार्म.ची. ते बेळगावातच करता येतं, नंतर एम.फार्म.ला फार्माकॉग्नोसी, म्हणजे वनौषधींचं शास्त्र, घ्यावं. बेळगावातच आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. तिचं काम माणसांच्या औषधांवर असलं तरी घटक वेगळा काढायची रीत तीच.

पालकांची धास्ती नोकरीची असते आणि ती रास्त आहे. निव्वळ वनौषधींच्या जागा थोड्याच आहेत. म्हणूनच पदवी अशी घ्यावी, की पशुसंवर्धन खातं, दूध संघ, औषध कंपनी ही दारंही उघडी राहतील. बंगळूरच्या हिमालया आणि नॅचरल रेमेडीज या कंपन्या जनावरांसाठी वनस्पतीजन्य उत्पादनं बनवतात. नेट-जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. ‘मुलीला गुरांचं काम झेपेल का?’ असं अजूनही विचारलं जातं. झेपतं. या कामाचा मोठा भाग तर प्रयोगशाळेतच होतो.

सुट्टीत एक काम जरूर करा. घरातल्या जाणत्या माणसाजवळ वही घेऊन बसा. कोणतं झाड, साल की पान, ओलं की वाळलेलं, किती दिवस द्यायचं, सगळं लिहा. ‘मूठभर’ म्हणाले तर ती मूठ काट्यावर ठेवून ग्रॅम लिहा, आणि झाडाची फांदी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवून शास्त्रीय नाव पक्कं करून घ्या.