मक्याला कोंबडीखताची स्लरी

प्रश्न : आमच्या लेअर कोंबड्यांच्या शेडमधली पातळ विष्ठा पाण्यात कालवून मक्याला सोडली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण ताजी नको. या विष्ठेतलं बरंचसं नत्र यूरिक आम्लाच्या रूपात असतं आणि कुजताना त्याचा भराभर अमोनिया होतो. ताजी, घट्ट स्लरी बुंध्याशी पडली की कोवळी मुळं करपतात. उन्हात उघड्यावर ओतली तर अमोनिया उडून जातो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे हातचं गेलेलं नत्रच. म्हणून आधी कुजवा, भरपूर पाणी मिसळा, संध्याकाळी ओळींच्या मधल्या सरीत सोडा आणि लगेच मातीआड करा. पीक गुडघाभर झालं, साधारण 30 दिवसांचं, की मक्याची नत्राची भूक वाढते. तेव्हाचा हप्ता सर्वांत कामी येतो. पानांवर मात्र उडू देऊ नका, चाऱ्याच्या मक्यावर तर मुळीच नाही. ठिबकमधूनही सोडू नका, ड्रिपर तुंबतात.

मक्याची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश अशी आहे. कोंबडीखतात स्फुरद भरपूर असतं, त्यामुळे स्लरी आणि माती तपासून डीएपी तेवढं कमी करा. विहिरीजवळच्या पट्ट्यात स्लरी अजिबात सोडू नका.