मृगाआधी पिकअपच्या टायरकडे बघा

रोहिणी लागल्या की शेतकऱ्याची सगळी कामे एकदम अंगावर येतात. बियाण्याची चौकशी, खताची जुळवाजुळव, कुळवाच्या पाळ्या, विहिरीवरच्या मोटारीची दुरुस्ती. या धांदलीत माल वाहणाऱ्या पिकअपचे टायर कुणाच्या डोक्यात नसतात. ते आठवतात जुलैत, टोमॅटो भरलेली गाडी माळशेज किंवा कसारा घाटात भर पावसात उभी राहिल्यावर. मॉन्सून मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खाते 11 जून धरते. टायर बदलायचे असतील तर ते त्याच्या आधी, शक्यतो मे संपायच्या आत बदलावेत. नव्या टायरवर कारखान्यातून आलेला गुळगुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर झाले की तो घासून जातो आणि मग खरी पकड मिळते. पहिल्याच पावसात कोरे टायर घालून घाट उतरणे शहाणपणाचे नाही.

दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, गाडी कोणती? गाडीचे नाव सांगितले की मापाचा टायर समोर येतो आणि मग दराची घासाघीस सुरू होते. माप जुळलेच पाहिजे, पण निवडीचे दोन खरे प्रश्न वेगळे आहेत. रात्री बाजाराला जाताना तुमच्या मागच्या धुऱ्यावर प्रत्यक्षात किती वजन असते? आणि सकाळी रिकामी परतताना, ओल्या रस्त्यावर, तीच गाडी कशी वागते? कारमालकाला हे प्रश्न पडत नाहीत, कारण त्याची गाडी जाता-येता जवळपास सारख्याच वजनाची असते. पिकअपचे तसे नाही.

आधी वजनाचे बघू. 1,700 किलो माल नेण्याची क्षमता असलेल्या पिकअपमध्ये 20 किलो टोमॅटोचे कॅरेट रचले, तर नुसत्या मालाच्या हिशेबाने 85 कॅरेट बसतात. कॅरेटचे स्वतःचे वजन धरले की आकडा 80 च्याही थोडा खाली येतो. कांद्याच्या 50 किलोच्या गोण्या असतील तर 34. आता नारायणगाव, पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजाराबाहेर उभे राहून गाड्या बघा, आणि किती जण या आकड्यावर थांबतात ते मनाशी मोजा. अनेकांनी मागचे पाटे वाढवून घेतलेले असतात. पाट्याचे एक पान वाढवले की गाडी बसत नाही, म्हणून वजन पेलले असे वाटते. पाटे वाढले तरी टायर तोच असतो. जास्तीचे वजन शेवटी त्याच्याच भिंतीवर येते.

म्हणून खरेदीआधी एक काम करा. नेहमीसारखी भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्या. समजा 2,200 किलो आले. म्हणजे एका टायरवर 1,100 किलो. आता टायरच्या कडेला मापानंतर छापलेला आकडा वाचा. त्याला लोड इंडेक्स म्हणतात आणि तो किलोमध्ये नसून सांकेतिक असतो. 100 म्हणजे 800 किलो, 104 म्हणजे 900, 109 म्हणजे 1,030, 112 म्हणजे 1,120, 115 म्हणजे 1,215 आणि 118 म्हणजे 1,320 किलो. कधी 112/110 असे दोन आकडे असतात. त्यातला पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. पिकअपला मागे एकेरीच चाक असते, तेव्हा पहिला आकडा आपला. वरच्या उदाहरणात 112 चा टायर कागदावर पुरतो, पण खड्ड्यात आदळताना, वळणावर माल एका बाजूला झुकताना त्यावर क्षणभर किती भार येतो तो या हिशेबात नाही. मी तिथे 116 च्या खाली जाणार नाही. आणि काट्याचा आकडा गाडीच्या नोंदणी पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर त्यावर जाड टायर हा उपाय नव्हे. ब्रेक, धुरा आणि बेअरिंग तेवढ्या वजनासाठी केलेले नाहीत. तिथे कॅरेट कमी करणे किंवा दुसरी खेप करणे, एवढेच हातात राहते.

लोड इंडेक्सच्या बाबतीतच सर्वांत जास्त फसगत होते. 215/75 आर 15 या मापाचा टायर प्रवासी जीपगाडीसाठीही येतो आणि मालवाहू गाडीसाठीही. रिंगवर दोन्ही बसतात, बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. पण प्रवासी गाडीच्या टायरवर लोड इंडेक्स 100 असेल, तर दोन टायर मिळून 1,600 किलोच पेलतात आणि आपला काटा तर 2,200 सांगतो. तो टायर थोडा स्वस्त असतो आणि चालायला मऊ लागतो, म्हणून ‘हा घ्या, गाडी उडत नाही’ असे म्हणून गळ्यात मारला जातो. मालवाहू टायरच्या मापापाशी एलटी किंवा सी हे अक्षर आणि 8 पीआर, 10 पीआर असा प्लाय रेटिंगचा आकडा असतो. आतमध्ये तेवढे थर असतात असे आता राहिलेले नाही. तो ताकदीचा दर्जा आहे. जुन्या टायरवर जो दर्जा आहे त्याच्या खाली उतरू नका.

माप वाढवण्याचा मोहही आवरावा. 215/75 आर 15 चा बाहेरचा व्यास साधारण 703 मिलिमीटर भरतो, तर 235/75 आर 15 चा 733. फरक चार टक्क्यांचा. वेगाचा काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी बासष्टच्या पुढे असेल, चढाला इंजिन दमेल आणि पूर्ण भरलेल्या गाडीत चाक मडगार्डला घासेल ते वेगळेच.

नवा टायर घेण्याआधी जुना नीट वाचा. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त राहत होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती किंवा माल जास्त होता, बहुधा दोन्ही. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि जागोजागी खोलगट खड्डे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघा. हे दुरुस्त न करता नवा टायर चढवला तर तोही त्याच वाटेने जातो. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. खाच 1.6 मिलिमीटरवर आली की टायरचा माथा त्यांच्या पातळीला येतो. कायद्याची हद्द ती. पण घाटातून पावसाळ्यात भाजी नेणाऱ्याने 3 मिलिमीटरलाच टायर संपला असे धरावे, कारण रस्त्यावरचे पाणी बाजूला फेकायला खाचेत खोलीच उरलेली नसते. मग रबर रस्त्याला न टेकता पाण्यावर तरंगते.

नक्षीच्या बाबतीत गावोगावी मते ठाम असतात. उभ्या रेघांचा रिब टायर डांबरी रस्त्यावर सरळ चालतो, कमी तापतो, वळणावर हाताशी राहतो. आडव्या जाड गठ्ठ्यांचा लग टायर चिखलात ओढतो, पण महामार्गावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि डिझेल जास्त पितो. काळ्या रानाची गोष्ट आणखी निराळी. तिथला ओला गारा कोणत्याही नक्षीत भरून बसतो आणि दहा पावलांत टायर गुळगुळीत होतो. लगसुद्धा तिथे थोडाच वेळ टिकतो. कोकणात जांभ्याच्या वाटेवर पाणी झिरपून जाते, तिथे चिखलापेक्षा दगडाची धार टायर खाते. माझे मत सांगतो. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबरी असतील तर उरलेल्या दहासाठी लग घेऊ नये. माल बांधापासून डांबरापर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने काढावा, तसे बरेच जण करतातच. शेवटचे दोन-तीन किलोमीटर पिकअपनेच करणे भाग असेल, तर मागे सेमी-लग आणि पुढे रिब ही जोडी बरी पडते. पुढे लग मात्र नको.

रेडियल की नायलॉन हाही जुना वाद. नायलॉनची कड जाड, दगडगोट्यांत आणि खराब वाटेवर सोशिक. रेडियल लांब पल्ल्याला कमी तापतो, जास्त किलोमीटर देतो, ओल्या रस्त्यावर चांगला धरतो. वाशीच्या किंवा पुण्याच्या मार्केट यार्डापर्यंत नियमित जाणाऱ्याने रेडियल घ्यावा. गावातून तालुक्यापर्यंतच फिरणाऱ्या, खडी आणि ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला नायलॉन अजून चालतो. एकाच धुऱ्यावर एक रेडियल आणि एक नायलॉन मात्र कधीही नको, ब्रेक लावला की गाडी एकीकडे ओढते. रेडियलची कड पातळ असल्याने कपाशीच्या रानातून जाताना जपावे. कोयत्याने तिरकस तोडलेल्या पऱ्हाटीचा आणि तुरीचा खुंट भाल्यासारखा असतो. तो माथ्यात घुसला तर पंक्चर निघते, कडेत घुसला तर टायर गेला. कडेचे पंक्चर काढून देणारे भेटतात, त्यांच्या भरवशावर घाट उतरू नये. बाभळीच्या काट्यांचा मुलूख असेल तर ट्यूबलेस सोयीचा, कारण काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. त्यासाठी रिंगही ट्यूबलेसची आणि न वाकलेली हवी. ट्यूबचा टायर घेतला तर ट्यूब नवीनच घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फुटते.

दुकानात टायर हातात घेतल्यावर कडेवरच्या डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा. 1425 म्हणजे 2025 सालचा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. गोदामात तीन-चार वर्षे पडलेला टायर भरघोस सवलतीत मिळतो तो त्याच्या वयामुळेच. त्याचे रबर न वापरताच कडक होत चाललेले असते. वर्षाच्या आतला असेल तर उत्तम. आयएसआयचे चिन्ह असायलाच हवे. व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस 15636 हे मानक आहे. बिल पक्के घ्या, नाहीतर हमीचा दावा करता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, ट्रॅक्टरच्या टायरवर तो 5 टक्के आहे. काही जणांना पिकअपलाही 5 टक्केच लागतील असे वाटते. तसे नाही, शेतकऱ्याची असली तरी पिकअप हे मालवाहू वाहनच.

रिमोल्डबद्दल थोडक्यात. सांगाडा शाबूत असेल आणि काम करणारा खात्रीचा असेल तर मागच्या चाकाला, जवळच्या फेऱ्यांसाठी चालतो. पुढे नाही, आणि मेच्या उन्हात भरलेल्या गाडीला लांब पल्ल्यावर तर नाहीच.

पैसे दोनच टायरचे असतील तर ते कुठे घालायचे? बहुतेक मेस्त्री पुढे घालायला सांगतात, कारण स्टिअरिंग पुढे आहे. मी मागे घालायला सांगेन, आणि याचे कारण परतीच्या रिकाम्या गाडीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. माल उतरला की मागची बाजू हलकी होते आणि पाटे ताठ असल्याने खडबडीत जागी चाक उडते. ओल्या वळणावर अशा गाडीने ब्रेक दाबला किंवा एकदम गिअर उतरवला की मागचा भाग आधी सुटतो आणि गाडी फिरते. पुढचे चाक घसरले तर गाडी निदान सरळ जाते आणि पाय सैल सोडला की बहुधा परत धरते. मागचे सुटले तर सावरायला वेळच मिळत नाही. अर्थात पुढचे टायर 3 मिलिमीटरच्या खाली असतील, तर हा प्रश्नच चुकीचा आहे. तेव्हा चारही घ्यावे लागतात, एखाद्या खेपेचे भाडे त्यात गेले तरी.

हवेचा आकडा गाडीच्या दारावरच्या पट्टीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत असतो आणि तो थंड टायरचा असतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागचा आकडा वेगळा दिलेला असतो. टायरवर छापलेला कमाल आकडा ही टायरची मर्यादा झाली, तुमच्या गाडीला तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही. पन्नास-साठ किलोमीटर चालून आल्यावर हवा वाढलेली दिसते म्हणून काढू नका, गार झाल्यावर ती कमी पडेल. भरलेली गाडी कमी हवेवर पळवली की कड सारखी वाकून तापते आणि घाट उतरताना ब्रेकची उष्णता रिंगेतून त्यात मिसळते. फुटण्याची कहाणी तिथे सुरू होते. नायट्रोजनसाठी जास्त पैसे द्यायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्याच पैशात हवा मोजायचे चांगले मीटर येते. ते गाडीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा निघण्याआधी स्टेपनीसकट पाचही चाके तपासा.

चाके बसवल्यावर साधारण शंभर किलोमीटरने नट पुन्हा आवळून घ्या. काढलेल्या टायरांपैकी बरा असेल तो स्टेपनीला ठेवा, पण लोड इंडेक्स बाकीच्यांइतकाच हवा. उरलेले गोठ्यामागे उघड्यावर टाकू नका. पहिल्या पावसाचे पाणी त्यांत साचते आणि डेंगीचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. भंगारवाल्याला द्या, नाहीतर भोके पाडून कोरड्या जागी रचून ठेवा.