द्राक्षांतील औषधांच्या अंशाची मोजणी

इ. स. २०१० सालीं आपल्याकडील द्राक्षांचा पुष्कळ माल युरोपांत अडकून पडला. वेलीची वाढ आवरण्यासाठीं वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश तेथील त्या वेळच्या मर्यादेहून, म्हणजे किलोमागें ०.०५ मिलिग्रॅमहून, अधिक निघाला. बागाईतदारांस मोठी ठोकर बसली. इतका सूक्ष्म अंश मोजतात कसा, व त्या आंकड्यावर भरंवसा किती ठेवावा, हें प्रत्येक बागाईतदारानें समजून घेणें अवश्य आहे. आमची हयात महसुली दप्तरांत गेली, रसायनशाळेंत नव्हे. तरी मोजणीचा न्याय सर्वत्र सारखाच, असें आम्हांस दिसून आलें.

ही मोजणी क्रोमॅटोग्राफी नांवाच्या रीतीनें होते. गेल्या शतकाच्या आरंभीं त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें पानांचा अर्क खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून उतरविला, तेव्हां त्यांतील रंग निरनिराळ्या वेगानें खालीं येऊन त्यांचे वेगळे पट्टे पडले. आजच्या यंत्राचें मूळ तत्त्व हेंच. अर्कांतील घटक नळींतून एकामागून एक बाहेर पडतात व प्रत्येकाचें शिखर आलेखावर उमटतें. त्या शिखराच्या क्षेत्रफळावरून घटकाचें प्रमाण काढतात.

परंतु क्षेत्रफळ म्हणजे प्रमाण नव्हे. जुन्या मोजणींत शेताची बाजू इतक्या साखळ्या भरली, एवढेंच साखळी सांगे. साखळी ३३ फुटांची आहे हें ठाऊक असल्यामुळेंच गुंठे निघत. ताणून लांबलेल्या साखळीनें मोजलें तर शेत कमी भरे, आणि मोजणाऱ्यास चूक दिसतही नसे. यंत्राची साखळी म्हणजे प्रमाणद्रावण, अर्थात् ज्यांतील द्रव्याचें मान आधींच निश्चित आहे असें द्रावण.

उदाहरणार्थ, लिटरमागें ०.०१, ०.०२, ०.०५ व ०.१० मिलिग्रॅम द्रव्य असलेलीं चार द्रावणें यंत्रांत घातलीं व क्षेत्रफळें अनुक्रमें २,०००, ४,०००, १०,००० व २०,००० आलीं असें समजूं. हे बिंदु जोडले कीं सरळ रेषा मिळते. आतां द्राक्षांचा अर्क असा केला कीं एका मिलिलिटरांत एक ग्रॅम द्राक्षांचा अंश यावा, आणि त्याचें क्षेत्रफळ ७,७०० आलें. रेषेवरून किलोमागें ०.०३८५ मिलिग्रॅम, म्हणजे माल ०.०५ च्या मर्यादेंत.

येथेंच घात होतो. द्राक्षांच्या अर्कांत साखर, आम्लें व रंगद्रव्यें असतात. तीं पुष्कळदां यंत्राचा प्रतिसाद दाबतात. म्हणून औषध न मारलेल्या द्राक्षांच्या अर्कांत तींच प्रमाणद्रावणें करून पाहिलीं पाहिजेत. तशा द्रावणांत ०.०५ ला १०,००० ऐवजीं ७,००० च क्षेत्रफळ आलें, तर आपले ७,७०० म्हणजे ०.०५५ होतात. माल तोच, शिखर तेंच. पण साखळी बदलतांच मर्यादेंतला माल मर्यादेबाहेर गेला.

दुसरी गोष्ट अशी कीं, ज्या द्रव्याचें प्रमाणद्रावण ठेवलें नाहीं, त्याचें प्रमाण यंत्र सांगत नाहीं. सन २०१० मध्यें आपल्या निर्यातीच्या तपासणीच्या यादींत क्लोरमेक्वाट नव्हतें. म्हणून येथें निर्दोष ठरलेला माल तेथें सदोष ठरला.

तेव्हां अहवाल हातीं आल्यावर केवळ शेवटचा शेरा वाचून तो घडी करून ठेवूं नये. आपण मारलेलें प्रत्येक औषध यादींत आहे काय? प्रमाणद्रावणें द्राक्षांच्याच अर्कांत केलीं होतीं काय? आपला आंकडा त्या द्रावणांच्या मर्यादांमध्यें पडतो काय? स्वच्छ द्राक्षांत मुद्दाम घातलेलें औषध तपासणींत कितपत परत मिळालें? हे चार प्रश्न प्रयोगशाळेस निःसंकोच विचारावे. आणि फवारणीची नोंद तारीखवार व औषधाच्या नांवानिशीं ठेवावी; कारण काय मारलें हें आपणच सांगितलें नाहीं, तर काय शोधावें हें दुसऱ्यास कसें कळावें?