घोड्यांतील संसर्गजन्य गर्भाशयदाह : उद्रेकाचा शोध आणि नियंत्रण

पशुरोगाचा उद्रेक झाला की त्याचा वाहक कोण, हा पहिला प्रश्न असतो. सर्रा रोगात त्याचे उत्तर रक्त शोषणाऱ्या टॅबॅनस माशीपाशी मिळते. संसर्गजन्य गर्भाशयदाहात मात्र कीटकाचा सहभाग नसतो. येथे वाहक असतो तो वरकरणी निरोगी दिसणारा पैदाशीचा घोडा; त्याच्या जोडीला हाताळणाऱ्यांचे हात आणि अस्वच्छ साहित्य.

रोगाची ओळख

1977 मध्ये इंग्लंडमधील न्यूमार्केट परिसरातील पैदास केंद्रांत हा रोग प्रथम ओळखला गेला. 1978 मध्ये तो अमेरिकेतील केंटकी राज्यात आढळला. टेलोरेला इक्विजेनिटॅलिस हा जिवाणू त्याचे कारण होय. समागमानंतर 2 ते 12 दिवसांत घोडीच्या योनीतून पूमिश्रित स्राव येतो, ती गाभण राहत नाही व मुदतीआधीच पुन्हा माजावर येते. कालांतराने स्राव थांबतो. परंतु भगशिश्निकेच्या खाचांत जिवाणू अनेक महिने टिकू शकतो. घोड्यात तर कोणतेच लक्षण दिसत नाही. शिश्नावरील आवरणाच्या मळात आणि मूत्रमार्गाच्या टोकाभोवतीच्या खोबणीत जिवाणू दडून राहतो.

एका उद्रेकाचा धडा

डिसेंबर 2008 मध्ये केंटकीतील क्वार्टर हॉर्स जातीच्या एका घोड्याची, रेत निर्यात करण्यासाठी नेहमीची तपासणी होत असता हा जिवाणू सापडला. तेथून संपर्काचा माग काढत 48 राज्यांतील 1005 जनावरांपर्यंत तपास पोहोचला. त्यांपैकी 23 नर व 5 घोड्या बाधित निघाल्या. 2000 साली आयात झालेला फ्योर्ड जातीचा एक घोडा हा बहुधा मूळ स्रोत असावा, असा निष्कर्ष निघाला. म्हणजेच सुमारे आठ वर्षे हा संसर्ग कोणाच्या लक्षात आला नव्हता. नरांमधील प्रसार मुख्यतः समागमातून नव्हे, तर सामाईक केंद्रांवर रेत संकलनाच्या वेळी दूषित साहित्यातून झाला होता.

तपासाची पद्धत

1. संशयित घोडा व घोड्या यांचे प्रजनन आणि रेत वितरण तत्काळ थांबवावे व शासकीय पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे.
2. प्रत्येक घोड्याने भरविलेल्या घोड्या, तारखा, रेताच्या मात्रा व संकलनाचे ठिकाण यांची यादी करावी.
3. प्रतिजैविके देण्यापूर्वी वर सांगितलेल्या जागांचे स्वॅब पशुवैद्यकाकडून घ्यावेत. घोडीच्या गर्भाशयमुखाचाही स्वॅब घ्यावा.
4. स्वॅब कोळसायुक्त अमीज माध्यमात, थंड ठेवून, 48 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावेत. जिवाणूसंवर्धनास किमान सात दिवस लागतात. पीसीआर चाचणीने निदानाला मदत होते.
5. एका नकारार्थी अहवालावर विसंबू नये. ठराविक अंतराने पुन्हा स्वॅब घ्यावेत. रक्तचाचणीने घोड्यातील हा संसर्ग कळत नाही.

उपचार व प्रतिबंध

बाधित जागा 4 टक्के क्लोरहेक्सिडीनने सलग पाच दिवस धुऊन, त्यावर पशुवैद्यकाने सुचविलेले प्रतिजैविक मलम लावतात. उपचार संपल्यानंतर किमान 21 दिवसांनी फेरतपासणी करावी. त्यापूर्वी केल्यास औषधाच्या अंशामुळे अहवाल फसवा येऊ शकतो.

प्रत्येक जनावरासाठी नवे हातमोजे, स्वतंत्र पाणी व बादली वापरावी. सामाईक स्पंज टाळावा. कृत्रिम योनी आणि रेत संकलनाची डमी प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक करावी.

जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या सूचीत या रोगाचा समावेश आहे. मारवाडी व काठियावाडी घोड्यांचा पैदाशीसाठी गावोगावी वापर होतो; त्या मालकांना विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी तपासणी करण्याचा आग्रह धरावा. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे मार्गदर्शन घ्यावे. प्रत्येक घोड्याची भरवणीची नोंदवही असावी. ती नसेल, तर उद्रेकाच्या वेळी पहिल्या घोडीपलीकडे माग लागत नाही.